पाळ कोनं धरली?

आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. बाबा चांद्याच्या सभेला गेले की पिशवीतून गुलाबी-पिवळ्या कागदांची चळत आणत, आणि मी अक्षरओळख त्यांवरच केली. त्यामुळे अन्याय नेहमी मोठ्या ठशात छापलेला असतो आणि खाली 'धिक्कार असो' लिहिलं की अर्धा संपतो, अशी माझी पक्की समजूत होती.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावाला एक तलाव होता. मालगुजाराची जमीनदारी कायद्यानं गेली, तरी लोक त्याला मालकाचाच तलाव म्हणत. मी लहान असताना एका श्रावणात त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटू लागली. पुरुषमंडळी नदीपलीकडे बैलबाजाराला गेली होती आणि पुरामुळे तिकडेच अडकली होती. मालक चांद्याला होता. धानाची रोपं लावत रोवणा करणाऱ्या बाया बांधीतल्या चिखलातून उठून धावल्या. टोपल्यांनी माती टाकली, तीही टिकेना, तेव्हा काहीजणी लुगडी खोचून, एकमेकींचे हात धरून भगदाडातच उभ्या राहिल्या. त्यांच्या आडोशानं बाकीच्यांनी माती भरली. पाळ वाचली, गावाचं धान वाचलं. रांगेच्या टोकाची बाई मात्र वाहून गेली.

ती आमच्या शेजारच्या काकूची धाकटी जाऊ. आमच्याकडे सून उंबरठा ओलांडते तेव्हा तिचं नाव मागं राहतं, माहेरचं गाव तेवढं सोबत येतं. ही राजुऱ्याची, म्हणून राजुरावाली.

पुढच्या रोवण्यात काकूनं तिचं गाणं केलं. चिखलात वाकलेल्या बायांपैकी एक विचारायची, 'पाळ फुटली गं बाई, पाळ कोनं धरली?' आणि तिचा श्वास संपायच्या आत सगळी रांग उत्तरायची, 'राजुरावालीनं धरली गं बाई, राजुरावालीनं धरली.' हात थांबत नसत, म्हणून उत्तरही थांबत नसे. मी त्या रांगेतच रोवायला शिकले.

गावात दंडार होती, नाचगाण्याचे खेळ करणारी मंडळी. तिचा शाहीर गोड गळ्याचा, आणि खरं सांगायचं तर मनाचाही वाईट नव्हता. पाळीवर बसून तो बायांची गाणी ऐकायचा आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, आमच्या गावजत्रेत, स्वतःची म्हणून गायचा. त्याचं कुणाला काही वाटत नसे. एका वर्षी मालकानं दंडारीला नवे अंगरखे दिले. तालमीतून बातमी आली की, यंदा राजुरावालीचं गाणं होणार, पण पाळ धरणार मालक.

काकूनं त्याला विहिरीवर गाठलं.

"काऊन गा भाऊ, माह्या गाण्यात मालक कुठून आला?"

"बाई, रोवण्याचं गाणं का कोनाच्या मालकीचं असते? अन् मालकानं अंगरखे देल्ले न यंदा."

"मंग अंगरख्याचं गाणं कर."

बाया हसल्या. शाहीरही हसला.

"माह्यी राजुरावाली कुठी गेली पन?"

"मंडईत लोकं हासाले येते, बाई. बाईमानसाचं मरन आयकाले कोन थांबते?"

काकूनं घागर उचलली. घरी येऊन मला म्हणाली, "पोरी, तिले दुसरी जागाच नाई. ना लेकरू, ना फोटू. नवऱ्यानं दुसरी केली. त्या गाण्यात बसली व्हती बिचारी, तिथूनबी उठवून राह्यले."

माझं डोकं पेटलं. मी बसून पत्रक लिहिलं. बायांनी बांधलेल्या पाळीवर पुरुषांच्या नावाचे दगड किती काळ बसवणार, वगैरे. आजही त्यातला एक शब्द मागे घ्यावा असं मला वाटत नाही. काकूला वाचून दाखवलं.

"चांगलं हाये," ती म्हणाली. "पन देशील कोनाले? वाचनारे सारे मालकाच्याच ओसरीवर बसते."

मंडईच्या दिवशी दुपारी पिंपळाखाली दंडार उभी राहिली. मालक खुर्चीवर. एका अंगाला आम्ही बाया, मांडीवर पोरं, पदरात मुरमुरे. शाहीर नव्या अंगरख्यात पुढे आला आणि त्यानं सूर लावला, "पाळ फुटली गं बाई, पाळ कोनं धरली?"

इथं त्याची चूक झाली. त्यानं गाणं चालीसकट उचललं होतं. दंडारीत प्रश्नानंतर ढोलकी वाजते, मग शाहीर उत्तर देतो. आमच्या रांगेत ढोलकी कधीच नव्हती. ढोलक्याचा हात उठायच्या आत सगळ्या बायांच्या तोंडून निघून गेलं, "राजुरावालीनं धरली गं बाई, राजुरावालीनं धरली."

ठरवलेलं काहीच नव्हतं. कमरेत बसलेलं गाणं ते.

मंडई खदखदून हसली. कुणीतरी ओरडलं, "भाऊ, तू बस आता, बायाइलेच म्हनू दे!" शाहीर गोरामोरा झाला. त्यानं घाईनं मालकाची ओळ गाऊन टाकली आणि दुसरं कडवं घेतलं. पुन्हा तोच प्रश्न आला. पुन्हा आम्ही उत्तर दिलं. पहिल्यांदा सवयीनं निघालं होतं, या वेळी सवयीनं नव्हे. काकू उठून उभी राहिली होती. ढोलक्याची आईही आमच्यातच बसलेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ठेका आमच्या उत्तराखाली धरला.

शाहीर थांबला. एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा काकूकडे. मग मालकाकडे पाठ करून त्यानं तिसऱ्यांदा प्रश्न विचारला, आमच्या बाजूला तोंड करून, हात पसरून. या वेळी पुरुषांमधूनही काही आवाज आले.

अंगरखे दुसऱ्या दिवशी परत मागवले गेले.

पुढच्या रोवण्यात शाहीर पाळीवर न बसता बांधीत उतरला. "बाई, शेवटचं कडवं सांग न. ते वाहून जाते ते."

"रोप धर आधी," काकू म्हणाली. "उभ्या मानसाले मी सांगत नाई."

त्यानं रोप धरलं. रांग वाकडी केली म्हणून शिव्याही खाल्ल्या.

त्या वर्षीच्या मंडईत दंडार जुन्या धोतरांवर झाली. शाहीरानं आधी सांगितलं, गाणं काकूचं आहे, आणि मग ते शेवटपर्यंत गायलं, हात सुटतो तिथपर्यंत. कुणी उठून गेलं नाही. प्रश्न आला तसं आम्ही उत्तर दिलं. काकू माझ्या शेजारी होती. इतकी वर्षं तिनंच ते गाणं म्हटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ती नुसती बसून ऐकत होती.