गळ्यातला रेग्युलेटर

आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. सोफ्याचं काढलेलं नव्हतं, टीव्हीच्या रिमोटचं नव्हतं, मोटारसायकलच्या सीटचं तर फाटून लोंबत होतं तरी नाही. यावरून मी लहानपणापासून आप्पांशी भांडत आले. पण त्या भांडणात माझा जीव कधी पणाला लागला नव्हता.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पाण्याखालची कामं करतात. आमच्याकडे नदीचं पाणी मोटारीनं उपसून उसाला देतात. त्या मोटारीच्या पाइपाच्या तळाशी जाळी असते आणि ती गाळानं, केंदाळाच्या पाणवेलींनी तुंबते. ती मोकळी करायला जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीकाठच्या काँक्रीटच्या विहिरीत, कुणीतरी उतरावं लागतं. आप्पा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी दातांत धरून उतरायचे. वीज गेली की हवा बंद. एकदा अशीच गेली आणि आप्पा वर आले ते नाकातून रक्त घेऊनच. तोंड पुसून म्हणाले, "काय झालं न्हाय." मला मात्र झालं. मालवणला जाऊन मी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची बाटली घेऊन बुडी मारायला, शिकून आले आणि घरात सांगून टाकलं, यापुढे मी उतरणार आणि माझ्या सामानानं उतरणार.

सामान घ्यायला गेले. बाटलीतली हवा तोंडात देतो तो रेग्युलेटर. दुकानदार म्हणाला, "मुख्य रेग्युलेटर चांगला घ्या मॅडम. राखीव साधा चालेल, तो कोण वापरतंय?" मी म्हटलं, ज्या दिवशी तो वापरावा लागेल त्या दिवशी मला साधा नको असेल. दोन्ही एकाच बनावटीचे घेतले. आतल्या स्प्रिंगपर्यंत पाणी पोचत नाही असे, कारण आमचं पाणी म्हणजे निम्मा गाळच. राखीवसाठी वेगळी छोटी बाटली घेतली. समुद्रात सोबत्याच्या बाटलीतून श्वास घेता येतो, जॅकवेलमध्ये सोबतीला फक्त केंदाळ. तो रेग्युलेटर अडकवायचा कुठे, यावर मी आठवडा घातला. कमरेला लावला तर काळोखात सापडणार नाही. शेवटी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीचं कडं करून गळ्यात घातलं आणि त्यात तो हनुवटीखाली बसवला. मान खाली घातली की हात न लावता तोंडात.

आप्पा बघत होते. "दुसरं कशाला गं? तुला काय दोन तोंडं हायत?"

"असती तर तुमच्याशी दोन्ही तोंडांनी भांडले असते की," मी म्हटलं.

पहिल्याच कामाला काठावर सगळा गाव. बाई उतरणार म्हणून बघायला आलेले. मी घरी सगळं तपासलं होतं, काठावर पुन्हा तपासलं नाही. ती चूक माझी. लोक बघतायत म्हणून घाई केली, आणि गळ्यातलं सामान आप्पांनी चढवलं.

खाली डोळ्यांसमोरचा हात दिसत नव्हता. जाळी निम्मी मोकळी झाली आणि तोंडात हवेबरोबर पाणी यायला लागलं. केंदाळाचं मूळ रेग्युलेटरच्या झडपेत अडकलं असणार. दाबून बघितलं, झटकून बघितलं, पाणीच. वर काँक्रीटची तुळई होती. कमरेच्या दोरीला झटका देऊन आप्पांना ओढायला सांगितलं असतं तर तुळईवर डोकं फुटलं असतं. मान खाली घातली, राखीव तोंडात धरला, आणि दातांखाली प्लास्टिक आलं.

कॅरीबॅग. वर रबरबँड, दोन वेढे.

मी भ्याले, हे सांगायला मला लाज नाही. दातांनी फाडली ती पिशवी. पहिला श्वास आला तेव्हा मी मनात आप्पांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. तुळई चुकवून बाहेर सरकले, दोरीला झटके दिले आणि वर आले. दातात अजून पिशवीचा तुकडा होता. तो मी आप्पांच्या हातावर थुंकला.

"नवं हुतं," ते म्हणाले. "वापरायचं न्हाय तर चिकूल कशाला लागू द्यायचा, म्हणून..."

मी सगळ्या गावासमोर ओरडले. गळ्यातलं सामान मीच चढवणार, आणि ज्याला हसायचंय त्यानं हसावं. मग झडप धुऊन घेतली, दोन्ही रेग्युलेटर तोंडात घेऊन बघितले आणि उरलेली जाळी मोकळी करायला परत उतरले. घरी जाऊन सोफ्याचं प्लास्टिक कात्रीनं कापलं. आई ओरडली.

पुढच्या कामाला मला सर्दी होती. सर्दीत उतरलं तर कान जातात, म्हणून आप्पा उतरायला निघाले, माझ्या सामानानं. तोवर मी त्यांना शिकवलं होतं, पण राखीव गळ्यात घालताना ते दर वेळी कुरकुरायचे. पाणीपुरवठा संस्थेचा सेक्रेटरी काठावर घाई करत होता. "उतरा की लवकर, ऊस वाळाय लागलाय. किती ते नटणं."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. "थांबा की पावणं."

मग त्यांनी गळ्यातला रेग्युलेटर तोंडात घेतला आणि काठावर उभं राहून, त्याच्यावरची नजर न काढता, सावकाश दहा श्वास घेतले. नववा घेताना सेक्रेटरीनं मान फिरवली. दहावा झाल्यावर आप्पांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि पाण्यात पाय सोडले.