इडाच्या कबरीचं पाणी

माझ्या बहिणीचा नवरा विल्फ गॅरॉड स्लेडन गावच्या चर्चच्या आवारात कबरी खोदायचा. चाळीस वर्षांत गावातलं कुणी त्याच्या हातून सुटलं नाही. तो पबमध्ये शिरला की पबवाला टॉम ओरडायचा, "आला बघा माप घ्यायला!"

विल्फ त्याला आपादमस्तक न्याहाळायचा. "तुझ्या पोटाला दीड कबर लागेल. बिअर कमी कर."

नवरा-बायकोसाठी तो सहा फूट खोदायचा. आधी जाईल तो खाली, मागून येणारा वर. माझी बहीण इडा गेली तेव्हा तिची कबरही त्यानेच खोदली, दुसऱ्या कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही.

यंदा चर्चचं आवार भरलं. आठशे वर्षांची माणसं तिथे, भरणारच. नवी कबर बंद, जुनीत वर जागा असेल तरच परवानगी, असा हुकूम आला. बाकीच्यांनी बारा मैलांवर शहरात जायचं.

मी म्हटलं, "तुला कसली काळजी? इडाच्या वर तुझी जागा आहेच."

विल्फ टोपी चुरगाळत बसला. "तिची चारच फूट खोदली, मॉड."

माझं डोकं फिरलं. "अख्ख्या गावाला सहा, आणि माझ्या बहिणीला चार? कंटाळा आला होता?"

"चार फुटांखाली पाणी लागलं. इतरांच्या वेळी बादलीने उपसायचो आणि खोदायचो. पाणी पुन्हा भरणार हे ठाऊक असायचं. तिला त्यात ठेवायचा धीर झाला नाही. म्हटलं, मी शेजारी झोपेन."

आमचे पाद्री, मिस्टर पेल्हॅम, भला माणूस. त्यांनी बिशपकडे खेटे घालून परवानगी आणली. इडाला वर काढायचं, खोल खोदायचं, पुन्हा ठेवायचं. फक्त विल्फची सही हवी होती.

विल्फने पेन हातात घेतलं. "खाली पाणी अजून आहे?"

"आहे, विल्फ."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग राहू द्या. तिला थंडी सोसत नाही."

मी त्याला मूर्ख म्हणाले, दोन दिवस बोलले नाही. आता त्याचंच वाईट वाटतं.

नोव्हेंबरात विल्फ वारला, त्याला शहरातच पुरावं लागलं. शहरात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, खोदणारे दोघं पाइप ओढत बाजूला उभे होते. मी वाकून पाहिलं. खड्डा कोरडा ठणठणीत होता.

"किती खोल?" मी विचारलं.

"सहा फूट, बाई. आम्ही सगळ्यांच्या सहाच खोदतो, वर बायकोची जागा ठेवून."