रागाची चार पानं

म्हसळ्याला दवाखाना सुरू करून मला सात महिने झाले होते. तोवर माझ्याकडे आले होते ते सर्दीचे, चामखिळीचे आणि मुतखड्याचे पेशंट. होमिओपॅथीच्या कॉलेजात असताना मला सगळ्यात ओढ होती ती मनाच्या केसची. माणूस समोर बसून बोलतो आणि त्याच्या बोलण्यातून आपण शेकडो औषधांतलं एक शोधून काढतो. तशी केस एकही आली नव्हती. त्यामुळे श्रीवर्धनच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून आलेल्या बाईंनी खुर्चीत टेकता टेकता "मॅडम, रागावर औषध असतं का?" असं विचारलं, तेव्हा मी इतकी हरखले की त्यांचं नाव लिहून घ्यायचंच विसरले.

राग त्यांचा नव्हता. त्यांच्या मागे दाराच्या चौकटीला टेकून एक मुलगी उभी होती. नववीतली, उंच, काटकुळी, डोक्यावरची ओढणी घट्ट आवळलेली. आत यायला तयार नव्हती.

"हिचा गुस्सा बघा," आई सांगू लागल्या. "हाताला लागेल ते फेकते. परवा ताटली फेकली. तिच्याआधी मोबाइल पाण्याच्या पिंपात टाकला. हिचा बाप कुवेतला असतो, इलेक्ट्रिशियन आहे. रोज संध्याकाळी फोन करायचा, ही तासभर बोलायची. आता माझ्या फोनवर त्याचा कॉल आला की उठून मागल्या दारी जाते. तीन महिने झाले. लहानपणापासून अशी न्हाय हो ही."

फेकाफेक म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच औषध वाजायला लागलं, कॅमोमिला. चिडलेलं, कशानेच समाधान न होणारं, दिलेली वस्तू भिरकावणारं मूल. पुस्तकातलं चित्रच. मी उठून कपाटातली बाटली काढलीसुद्धा. मग आठवलं की मुलीला मी एकही प्रश्न विचारलेला नाही. बाटली टेबलावर ठेवली आणि आईंना म्हटलं, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बाकावर बसता का? मी तिच्याशी बोलते. दार उघडंच ठेवते."

मुलगी खुर्चीत बसली, पण तोंड खिडकीकडे. मी विचारलं, तहान किती लागते. "लागते." झोप? "येते." गरम जास्त होतं की थंडी वाजते? खांदे उडवले. पाळी, पोटदुखी, भूक, सगळ्याला एकेक शब्द. डोळ्याखालची त्वचा फिकी वाटली म्हणून रक्त तपासायची चिठ्ठी लिहायला घेतली, तशी ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही. मला राग येतो, बस."

"कसा राग?"

"राग म्हणजे राग."

"नाही," मी म्हटलं. "राग पुष्कळ प्रकारचा असतो. माझ्याकडे लिहिलेलंय."

आणि ते खरंच होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी ग्रंथातली रागाची सगळी लक्षणं मी मराठीत उतरवून काढली होती. एका दोनशे पानी वहीत सलग चार पानं. विरोध केल्यावर येणारा राग. सांत्वन केल्यावर वाढणारा. सकाळी उठल्याउठल्या येणारा. उत्तर द्यावं लागलं की येणारा. मी वही काढून तिच्यासमोर सरकवली. असं करावं असं मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पेशंटला लक्षणं वाचायला देत नाहीत, त्याच्या तोंडून काढून घेतात. पण ती बोलत नव्हती आणि मला उत्तर हवंच होतं.

"यातला तुझा कोणता, बघ," मी म्हटलं.

पहिल्यांदा ती खिडकीपासून वळली. तेव्हा दिसलं की डाव्या डोळ्याच्या पापणीवर रांजणवाडी आलीय, लालभडक. बोट ओळीवर ठेवून ती वाचायला लागली. "हा माझा नाही. हा अम्मीचा आहे. हा नाही. हा आमच्या मास्तरांचा." पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. ती इतकी मन लावून वाचत होती की मीही खुर्ची ओढून तिच्या बाजूला जाऊन बसले. तिसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं. पुढे जाईना.

'अपमान गिळून टाकल्यावर आलेला राग. नंतर अंग थरथरतं.'

"हा," ती म्हणाली.

रांजणवाडी, गिळलेला अपमान, थरथर. एकेक तुकडा जागेवर बसत होता. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "कुणी केला अपमान?"

मग तिने सांगितलं, आणि सांगताना एकदाही थांबली नाही. विज्ञानाची चाचणी होती. विजेच्या धड्यावर गणितं होती, दोन रोध समांतर जोडले तर एकूण किती. वर्गात शिकवलेली रीत लांबलचक होती. तिच्या अब्बांनी फोनवर तिला कामावरची रीत दाखवली होती, दोघांचा गुणाकार करायचा आणि बेरजेने भागायचं. तिने गणितं तोंडी सोडवली आणि नुसती उत्तरं लिहिली. सगळी बरोबर. मास्तर म्हणाले, पायऱ्या कुठायत, कॉपीची चिठ्ठी काढ. चिठ्ठी नव्हती. आईला शाळेत बोलावलं. आई म्हणाली, कागद लिहून दे आणि मोकळी हो. तिने 'मी कॉपी केली' असं लिहिलं आणि वर्गासमोर उभं राहून वाचलं. संध्याकाळी अब्बांचा फोन आला. तेव्हा मोबाइल पिंपात गेला.

"त्यांना काय सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही शिकवलेलं मी चोरी म्हणून लिहून दिलं?"

मी केसपेपरचा कोरा भाग तिच्यापुढे केला. "सहा आणि तीन."

"दोन," तिने लगेच सांगितलं.

"वीस आणि पाच."

"चार."

"बारा आणि चार."

"तीन."

मी प्रत्येक वेळी लांबच्या रीतीने, छेद सारखे करत, घामाघूम होऊन पडताळत होते आणि प्रत्येक वेळी तिचंच बरोबर निघत होतं. तिसऱ्या वेळी मला हसू फुटलं. तीही हसली, अगदी जराशी.

"आईला मी सांगू का?" मी विचारलं.

"नको. मी सांगते. बोलवा तिला."

आई आत आल्या. मुलीने सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी हळू. माझ्या पेपरवरची गणितं दाखवली. दोन्ही हातांनी तिने टेबलाची कड धरून ठेवली होती. आईंनी पेपर जवळ ओढला आणि एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

"मला वाटलं, तू केलीस कॉपी," त्या म्हणाल्या. "मास्तर सांगतायत म्हणजे खरंच असणार. मला काय कळतंय त्यातलं?"

"मला विचारायचं ना, अम्मी."

आईंनी मुलीचा हात टेबलावरून उचलून आपल्या मांडीवर ठेवून घेतला, एवढंच. मुलीने तो काढून घेतला नाही.

कॅमोमिलाची बाटली मी कपाटात परत ठेवली आणि स्टॅफिसॅग्रिया काढली. गिळलेल्या अपमानाचं औषध, पापणीवरच्या रांजणवाडीचंही. साखरेच्या चार गोळ्या तिच्या जिभेवर ठेवल्या. रक्ताची तपासणी करून घ्यायला बजावलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या दिवशी दवाखाना बंद केल्यावर मी अलिबागला माझ्या आईला फोन करून पाऊण तास नुसती बोलत सुटले. "अगं, जेवलीस का ते तरी सांग," ती मध्येच म्हणाली. मी जेवले नव्हते.

पंधरा दिवसांनी मायलेकी आल्या तेव्हा मुलगी आईच्या पुढे होती. रांजणवाडी बसली होती. रक्त थोडं कमी निघालं होतं, त्याच्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रातून सुरू झाल्या होत्या. पण हे सगळं मला नंतर कळलं, कारण बसायच्या आधीच ती सांगायला लागली.

"आम्ही शाळेत गेलो. अम्मी मास्तरांना म्हणाली, फळ्यावर गणित घाला, माझ्या पोरीला सोडवू द्या. त्यांनी पाच घातली. मी पाचही सोडवली. मग रीत पण लिहून दाखवली, ती त्यांच्या लांबच्या रीतीतूनच कशी येते ते."

"ते मला घरी दोन दिवस शिकवत होती," आई म्हणाल्या. "म्हणे, तुलापण आलं पाहिजे."

"मग मास्तर काय म्हणाले?"

"सॉरी नाही म्हणाले," मुलगी म्हणाली. "पण तो कागद परत दिला आणि मार्क दिले. पाचपैकी साडेचार. अर्धा पायऱ्या न लिहिल्याबद्दल कापला."

"आणि राग?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "परवा भावाला चप्पल फेकून मारली," आई म्हणाल्या. "पण त्याने हिची वही भिजवली होती. तो गुस्सा मला चालतो."

केसपेपरवर 'औषधाचा परिणाम' असा रकाना असतो. मी पेन टेकवलं आणि थांबले. गोळ्यांनी झालं, की कुणीतरी ऐकून घेतलं म्हणून झालं, की पाच गणितांनी झालं, हे मला ठरवता येईना. आजही येत नाही. शेवटी मी लिहिलं, 'पेशंट वडिलांशी बोलू लागली.'

ते लिहीत असतानाच आईंचा फोन वाजला. कुवेतहून व्हिडिओ कॉल. मुलीने तो झटकन उचलला आणि कॅमेरा माझ्याकडे फिरवला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे केबलची भलीमोठी रिळं, चेहऱ्यावर घाम आणि रुंद हसू. त्यांनी सलाम केला, आभार मानले, मग फोन जवळ घेऊन आवाज खाली आणला.

"मॅडम, ते औषध कंचं होतं, नाव लिहून पाठवाल का? इथे आमच्या खोलीतल्या एकाचा मुलगा गावी असाच करतो. सोळा वर्षांचा आहे. मी त्याला सांगतो, मागवून घे."

"नाव सांगून उपयोग नाही," मी म्हटलं. "तुमच्या मुलीला लागू पडलं ते त्याला पडेलच असं नाही. त्याला माझ्याकडे पाठवा. आधी मला त्याला विचारावं लागेल."

"काय विचारणार?"

मी उत्तर द्यायच्या आत मुलीने फोन आपल्याकडे वळवला आणि म्हणाली, "अब्बा, त्याला आधी येऊ तर द्या."