सेन्सरखालचा गाळ

सेन्सर म्हणत होता, पाणी जिथल्या तिथं आहे. नाना म्हणत होते, पाणी रोज उतरतंय. दोघांत वीतभराचा फरक पडला होता आणि तो आठवड्यागणिक वाढत होता.

तेव्हा मी पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होते. नेवासे तालुक्यात गोदावरीवर आमचं एक गेज स्टेशन होतं. गेज म्हणजे पुलाच्या खांबाला ठोकलेली, आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते दिवसातून तीनदा बघायचं, रजिस्टरला लिहायचं आणि फोनवर ऑफिसला कळवायचं. हे काम नाना तीस वर्षं करत होते. त्यापायी त्यांना कधी घोडेगावच्या बाजारात निवांत फिरता आलं नाही की मुलीच्या सासरी मुक्काम करता आला नाही.

नानांना एकच ओढ होती. हे पाणी शेवटी जातं कुठं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं. मुलीच्या भूगोलाच्या जुन्या पुस्तकातला नकाशा त्यांनी रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला होता. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात, ते पंख्यासारखे पसरत समुद्राला मिळतात आणि मधल्या जागेत नदीनंच आणलेल्या गाळाची जमीन तयार होते. पुस्तकात तिला त्रिभुज प्रदेश म्हणतात. नाना म्हणायचे, "म्हंजे आपल्याच मातीचा मुलूख की मॅडम."

आमच्या खात्याची तिकडे अभ्यास टूर जायची. जूनमध्ये नाना रिटायर होणार होते, आणि त्या वर्षी खटपट करून मी त्यांचं नाव यादीत घातलं होतं. टूर मार्चअखेरीस होती. फेब्रुवारीत हे रीडिंगचं लचांड निघालं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून कॉम्प्युटरवरचा ग्राफ दाखवला. सेन्सरची रेष फुटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. मशीन कशाला खोटं बोलेल, असं त्यांचं म्हणणं. माणूस म्हातारा झालाय, नजर गेली असेल, घरबसल्या आकडे टाकत असेल. आणि ज्याला पट्टी वाचता येत नाही त्याला टूरवर कशाला न्यायचं?

"चेक करून या," ते म्हणाले. "नाना चुकले असतील तर नाव कापा."

मी लेव्हलचं यंत्र घेऊन गेले. उंची तपासायची तर एक पक्का दगड लागतो, ज्याची उंची कायमची ठरलेली असते. आमचा दगड घाटाच्या वरच्या पायरीत होता. तिथून मोजत मोजत नानांच्या पट्टीपर्यंत आले. अर्धा दिवस उन्हात गेला. पट्टीत केसाचाही फरक नव्हता. नानांनी सांगितलेला आकडा आणि मी वाचलेला आकडा एकच होता.

नाना खांबाशी उभे होते. नजर गेली असेल हे साहेबांचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण सकाळपासून ते धड बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "मॅडम, त्या डबड्याच्या खाली येऊन बघा एकदा."

सेन्सर पुलाच्या कठड्याला, खाली तोंड करून बसवला होता. तो खाली लहरी सोडतो, त्या पृष्ठभागावर आपटून परत येतात, त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. कॉन्ट्रॅक्टरनं तो ऑगस्टात बसवला, तेव्हा नदी काठोकाठ होती. दोन खांबांमधला, रस्त्याच्या जवळचा गाळा सोयीचा पडला, म्हणून तिथंच लावून मोकळा झाला. पुढच्या धरणाच्या फुगवट्यानं इथं पाणी संथ होतं आणि गाळ खाली बसतो. थंडी सरता सरता पाणी पलीकडच्या गाळ्यात सरकलं आणि सेन्सरखाली गाळाचा उंचवटा उघडा पडला. आमचं मशीन महिनाभर चिखलाची उंची मोजत होतं. चिखल कशाला हलतोय?

आधी का नाही सांगितलं, असं मी त्यांना विचारलं. नाना म्हणाले, "सायबाचं मशीन. आमाला कोन इचारतंय?" मग त्यांनी वाकून मूठभर गाळ उचलला. "ही माती बी समुद्राला निगाली हुती. हितंच अडकली."

त्याच दिवशी मी रिपोर्ट लिहिला. सेन्सर जागा बदलेपर्यंत बंद ठेवावा. नानांचा अपमान झाला होता, तो भरून निघावा म्हणून शेवटी जोरात एक वाक्य टाकलं: तोपर्यंत रीडिंग याच अनुभवी वाचकाकडून घ्यावे, बदली माणूस चालणार नाही.

साहेबांनी रिपोर्ट मंजूर केला आणि यादीतून नानांचं नाव कापलं. मी भांडायला गेले, तर त्यांनी माझ्याच सहीवर बोट ठेवलं.

"बदली माणूस चालणार नाही, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

रिकाम्या जागेवर माझं नाव टाकलं गेलं. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मलाही समुद्र बघायचा होता. नाना उलट खूश झाले, म्हणाले, "तुमी बघा न् मला येऊन सांगा."

परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. नारळाच्या बागा, होड्या, क्षितिजापर्यंत सपाट जमीन. अलीकडे वरून गाळ कमी येतो, म्हणून समुद्र किनारा खातोय, असं तिथला इंजिनिअर म्हणाला, तेही सांगितलं. नाना मान हलवत ऐकत होते. मग मी म्हटलं, तिथल्या गेजवर पाणी दिवसातून दोनदा चढतं. पाऊस नसतानाही. भरती आली की नदी उलटी वाहते.

नानांनी रजिस्टर मिटलं.

"जाताना तर रोज बघितलं. गेल्यालं मागं फिरतंय व्हय तितं?" ते पाण्याकडे वळले. "ते तेवढं बघाया पायजेल हुतं, मॅडम."

सेन्सर मे महिन्यात पलीकडच्या गाळ्यात गेला. आता तो बरोबर चालतो. नाना जूनमध्ये रिटायर झाले, आणि टूर फक्त नोकरीतल्यांसाठी असते. मी स्वतःच्या खर्चानं घेऊन जाते म्हटलं, दोनदा म्हटलं. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणाले.

सेन्सरखाली काय आहे ते बघायला मी यंत्र घेऊन गेले होते. माझ्या वाक्याखाली कोण उभं आहे, ते सही करताना बघितलं नाही.