मी रुसले नव्हते हो!

आधीच सांगते, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मधे मधे फिदीफिदी केलंत, तर हा चहा असाच ठेवून मी उठून जाईन. हो, उठून जाईन! आता येतं मला उठता. उठता येत नव्हतं, त्याचाच तर हा सगळा घोळ आहे.

मारेगावात जाऊन कोणालाही विचारा, "आर्णीची सुनंदाबाई कोण?" पानटपरीवाला सुद्धा सांगेल, "थे का? भर मांडवात रुसून बसली होती, थे विहीण!"

खोटं आहे. साफ खोटं! मी रुसले नव्हते. पण माझं ऐकतं कोण?

झालं काय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या कॉलनीतल्या बायकांनी फुगडीची शर्यत ठेवली. मी तहसील कचेरीत कारकून. दिवसभर खुर्ची तापवते हे खरं, पण फुगडीत माझ्यासमोर टिकणारी बाई आर्णीत अजून जन्मायची आहे. लावला पदर खोचून जोर. गरगर गरगर चाललं होतं मस्त. तेवढ्यात समोरचीचा हात सुटला. माझं धड फिरलं, पाय मात्र जागच्या जागी राहिला. डाव्या गुडघ्यात काट्कन आवाज आला. मी तरी म्हटलं, "काही नाही झालं, चला पुढची!" आणि पुढच्या पावलाला खाली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "गुडघ्यातली गादी फाटली आहे. दुर्बिणीनं शिवावी लागेल."

कापसाच्या जिल्ह्यात राहायचं आणि गादी शिवायला ऑपरेशन करायचं! पण केलं. ऑपरेशन सोपं होतं हो. अवघड होतं ते नंतरचं.

व्यायाम शिकवायला एक पोरगी होती. वय माझ्या मंगेशहून कमी, पण हुकूम कलेक्टरचे. "काकू, टाच मागं ओढा. काकू, पाय सरळ उचला. काकू, मांडी घालायची नाही. पाटावर बसायचं नाही. उकिडवं तर स्वप्नात पण नाही." स्कूटी बंद. जिना बंद. भेटायला येणाऱ्या बायका बिस्किटाचे पुडे आणत आणि वर सल्ले फुकट. एकीनं मोहाचं तेल सांगितलं, दुसरीनं बिब्बा. जाताना प्रत्येकीचं एकच, "आता जपून राहा बाई, वय झालं ना."

वय झालं? कोणाचं? मला असा राग यायचा म्हणून सांगू! मी सगळे व्यायाम इमानदारीत केले, पण मनात पक्कं ठरवलं होतं. मुलाच्या लग्नात मला कोणी पेशंट म्हणून धरून धरून नेणार नाही. मी चालणार, मिरवणार आणि विहिणीच्या पंगतीला पाटावर मांडी घालून बसणार.

कारण मंगेशचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं. मुलगी मारेगावची, पल्लवी. घरची शेती, कपाशी आणि तूर. पोरगी हुशार, बोलायला स्पष्ट. पहिल्याच भेटीत तिनं मला बाजूला घेतलं.

"काकू, माझी एकच अट हाये. लग्नात कोनी रुसायचं नाई. ताईच्या लग्नात तिची सासू रुसली होती. बाबानं भर मांडवात टोपी काढून तिच्या पायावर ठेवली. थ्या दिवशी बाबा जेवले नाईत. मले पुन्हा थे पाहाचं नाई."

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "पोरी, माझ्या तोंडून मानपान हा शब्द निघाला, तर सुनंदा नाव लावणार नाही मी."

आता ऐका पुढं.

लग्न लागलं. दुपारी विहिणीची पंगत. आमच्याकडे ही पंगत म्हणजे वराच्या आईचा मान. पाटाभोवती रांगोळी, चांदीचं ताट, मुलीकडचे लोक स्वतः वाढणार. आणि नियम एकच, विहीण उठल्याशिवाय पंगतीतलं कोणी उठत नाही.

मी मांडवात शिरले, तर पाटांच्या ओळीत मधोमध एक टेबल आणि खुर्ची! खुर्चीला झेंडूच्या माळा. गुडघा बरा झाला, असं मी घरात शपथेवर सांगितलं होतं आणि ऑपरेशनचं मुलीकडे बोलायचं नाही, अशी तंबीही दिली होती; तरी हे माझ्या चिरंजीवांचं काम. पल्लवीची आत्या पुढं आली. बाई ठसठशीत, आवाज लाऊडस्पीकरसारखा.

"या विहीनबाई, तुमच्यासाठी खास खुर्ची सजवली."

"खुर्ची कायले? मी काय म्हातारी झाली?" मी म्हटलं. "घ्या ती बाजूले. मी पाटावरच बसते."

मंगेश लांबून डोळे वटारत होता. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. फतकल मारली, डावा पाय दुमडला, मांडी घातली. घातली म्हणजे घातली! गुडघा कुरकुरला, पण मी विजयी मुद्रेनं चौफेर पाहिलं. आत्याबाई शोभाताईंच्या, म्हणजे पल्लवीच्या आईच्या, कानाला लागल्या. मला ऐकू आलं.

"खुर्ची नाकारली वं. कुठंतरी बिनसलं, पाह्य."

मी दुर्लक्ष केलं. पुढ्यात पुरणपोळी होती, वर तुपाची धार. अशा वेळी कोण कोणाचं ऐकतं?

जेवण झालं. हात धुवायला तांब्या फिरला. मी उठायला गेले.

पाय उठला नाही.

मी पुन्हा जोर केला. उजवा पाय तयार, दोन्ही हात तयार, डावा गुडघा मात्र जणू मारेगावातच राहायला आला होता. कळ अशी आली की डोळ्यांसमोर तारे. पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. एवढ्या तोऱ्यात खुर्ची नाकारली आणि आता "मले उठवा" म्हणू? मेले तरी नाही!

वेळ काढायला म्हटलं, "आणखी एक पोळी वाढा बरं."

वाढली. खाल्ली. पाय तसाच. "थोडा मठ्ठा?" प्यायले. पाय तसाच. शेवटी पोटात घोट मावेना. आमच्याकडच्या बायका हात वाळवत माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या. माझी चुलत जाऊ कुजबुजली, "बाई, उठा ना. माह्या पायाले मुंग्या आल्या."

"बसू दे जरा," मी म्हटलं.

बस! लग्नघरात विहीण म्हणाली, "बसू दे जरा." याचा अर्थ काय होतो, ते मला वेगळं सांगायला नको. वाढप्यांच्या हातात बादल्या तशाच. आत्याबाई धावल्या.

"विहीनबाई, काही राह्यलं का आमच्याकडून?"

"काही नाही हो."

आता तुम्हीच सांगा, आजवर कोणती विहीण "काही नाही" म्हणाली आणि खरंच काही नव्हतं? शोभाताईंचा चेहरा पडला. आत पळापळ झाली. त्या एक रेशमी लुगडं घेऊन आल्या.

"हे घ्या, गोड मानून घ्या."

"नको, नको! मले काहीच नको." मी जीव तोडून सांगत होते.

"पाह्यलं?" आत्याबाई मागं वळून म्हणाल्या. "हलकं वाटलं लुगडं. मी सांगत होती, पैठणी काढ!"

पैठणी आली. मी हात जोडले. आत्याबाईंना वाटलं, ही पण कमी पडली. कोणीतरी ती माझ्या मांडीवर ठेवून दिली. बाहेर दुसरी पंगत उन्हात ताटकळत होती. पुरुष मंडळी कूलरसमोर रांग लावून आत डोकावत होती. "काहून थांबलं?" "विहीन रुसली." ही बातमी मांडवातून गल्लीत, गल्लीतून चौकात गेली. बँडवाले वाजवायचे थांबले. त्यांनाही कळलं होतं, फक्त मलाच काय करावं ते कळत नव्हतं.

आमचे हे आले. गरीब स्वभावाचा माणूस. कानाशी वाकून म्हणाले, "सुनंदा, कायले असं करून राह्यली? चांगली मानसं आहेत."

यांना खरं सांगितलं असतं, तर आयुष्यभर "मी सांगितलं होतं" ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही जा."

ते गेले आणि बाहेर सांगितलं, "माझं ऐकत नाही." झालं! आगीत तेल.

मग मंगेश आला. गळ्यात हार, कपाळाला बाशिंग आणि डोळ्यांत पाणी. "आई, तू शब्द दिला होता तिले."

पोटचा पोरगा! त्यालाही वाटलं, मी रुसले. खरं सांगते, गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या मागं पल्लवी दिसली. शालू, हिरवा चुडा. तिनं नुसतं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला मी आता तिच्या ताईच्या सासूसारखी दिसत होते.

आणि गर्दीतून बबनराव आले. माझे व्याही. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. माझ्यासमोर उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि वाकायला लागले.

कसला मान आणि कसला तोरा! मी अशी ओरडले, की म्हणतात, चौकातली कुत्री उठून बसली.

"ओ भाऊ! टोपी घाला डोक्यात! मी रुसली नाही! मले उठता येऊन नाही राह्यलं! मांडी अडकली माही! उठवा मले कोनी!"

मग कुठूनतरी एक हसू फुटलं. ते पल्लवीचं होतं. शालू सावरत धावली आणि माझ्याशेजारी बसली.

"आई, एवढा वेळ कायले नाई सांगितलं?"

"खुर्ची नाकारली होती ना मी!"

ती हसता हसता रडत होती, मी रडता रडता हसत होते. बबनरावांनी टोपी डोक्यात घातली आणि त्यांच्या तोंडून लग्नातलं पहिलं लांब वाक्य निघालं. "अशी ओढू नका बाईले. आमचा बैल बसते, तं आम्ही दोन बाजूनं उचलतो. आन थी खुर्ची खालून सरकवा."

तर पाहा, मला बैलासारखं उचललं. पाय हळूहळू सरळ केला, तेव्हा मी मारलेली किंकाळी लग्नाच्या व्हिडिओत आहे. चार जणांनी खुर्चीसकट मला उचललं आणि हवेशीर खोलीकडे निघाले. इथपर्यंतही ठीक होतं.

पण बाहेरच्यांनी काय पाहिलं? झेंडूच्या खुर्चीवर विहीण, मांडीवर पैठणी, चार माणसं खांदा लावून! बँडवाल्यांना वाटलं, समेट झाला. त्यांनी जोरात ठोकलं. कोणीतरी अक्षता टाकल्या. मी ओरडत होते, "गुडघा! गुडघा!" पण बँडपुढं माझा आवाज कोणाला जाणार? एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "मानली बावा शेवटी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर असे बोलले की विचारू नका. नशीब, शिवण उसवली नव्हती. व्यायामवाल्या पोरीनं मला पुन्हा पहिल्यापासून टाच ओढायला लावलं. ओढली! एका शब्दानं उलटून बोलले नाही, कारण तोंड उरलंच नव्हतं. पल्लवी रोज सकाळी समोर बसायची. "आई, आनखी एकदा. मांडवात बसला होता, तसा दम धरा."

पावसाळ्यापर्यंत गुडघा ठणठणीत. स्कूटी सुरू, जिना सुरू, कचेरी सुरू. मी आर्णीभर टाचा आपटत फिरले.

फक्त मारेगावात कोणी मानेना. पल्लवीनं सांगितलं, बबनरावांनी सांगितलं, मी तर गळा फोडून सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हो हो, गुडघाच असन. पैठनी मांडीवर आल्यावरच बरा उठला बावा."

मला सांगा, माणसानं किती सहन करायचं?

तर पोळ्याला पल्लवीला घेऊन तिच्या माहेरी गेले. आर्णीहून निघताना तरातरा गाडीत बसले. पण मारेगावच्या चौकात उतरले आणि पानटपरीवरची माणसं माझ्याकडे बघून एकमेकांना कोपर मारायला लागली. असा संताप आला! थांबा म्हटलं, दाखवतेच तुम्हाला, गुडघा असतो की नाही ते. आणि मी लंगडायला सुरुवात केली.

पल्लवी म्हणाली, "आई, काय करून राह्यल्या?"

"चूप! चाल तू."

अख्ख्या गल्लीतून लंगडत गेले. कण्हले. भिंतीला हात टेकवले. दारात आत्याबाई उभ्या. मी कपाळावर आठ्या घालून म्हटलं, "काय सांगू आत्याबाई, अजून लय दुखते हो. तेव्हा तुम्हाले कोनाले खरं नाही वाटलं."

आत्याबाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग दुसऱ्या पायाकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून घरात हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"शोभे, विहीनबाई आल्या वं! लग्नात डावा रुसला होता, आज उजवा रुसला!"