नानांची मागची भिंत

माझे चुलते नाना भाताच्या पोत्यांमुळे गेले नाहीत.

हे आधी स्पष्ट करतो, कारण विंझरपासून मार्गासनीपर्यंत तसंच बोललं जातं. नाना गेले हृदयविकाराने, भोरच्या दवाखान्यात. तेव्हा त्यांच्या हातात पोतं नव्हतं, चहाचा कप होता. मी शेजारीच उभा होतो.

आज वर्ष झालं. म्हणून पोत्यांचं काय ते एकदा नीट लिहितो.

नाना एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी इंजिनाशेजारी गेली. रिटायर झाल्यावर लोक जमीन घेतात, काशीला जातात. नानांनी मला बोलावून घेतलं.

"आयुष्यभर घरघर ऐकली. आता मला घरात चांगले स्पीकर पायजेत. तू शोध."

मी अकरावीत कॉलेज सोडलेला, मोबाईल दुरुस्ती करणारा माणूस. पण कुणी काम सांगितलं की ते माझ्या डोक्यातून जात नाही. इतके रिव्ह्यू वाचले की शेवटी प्रत्येक स्पीकरमध्ये खोट दिसायला लागली.

नाना म्हणाले, एवढी चौकशी तुझ्या बापानं सोयरीक करताना न्हाई केली.

पुण्याच्या शोरूममध्ये सेल्समनने आधी होम थिएटर दाखवलं. चारी बाजूंना स्पीकर, छतातसुद्धा. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. नानांनी मान खाली घातली आणि मग शांतपणे विचारलं, हे रोज जाणार का?

मग त्याने दोनच उभे स्पीकर जोडले, कमरेएवढे, आणि एक गवळण लावली. नानांनी डोळे मिटले. म्हातारा झोपला असं समजून सेल्समनने आवाज कमी केला.

"वाढव," नाना म्हणाले. "गायच्या आधी बाई श्वास घेती. त्यो ऐकू आला मला."

तेच घेतले.

घरी बाहेरच्या खोलीत लावले. स्लॅबचं नवं घर, गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या. भात नुकताच झोडून आला होता, त्याची पोती मागच्या भिंतीला पार वरपर्यंत रचलेली. त्यांच्याकडे मी लक्षही दिलं नाही. मी टेपने मोजून स्पीकरच्या जागी खडूच्या खुणा केल्या. सकाळी काकींनी त्या पुसल्या. मी परत केल्या.

आवाज असा लागला की नाना संध्याकाळचे पारावर जायचे बंद झाले.

चैत्रात भोरचा व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि भात घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी गवळणीतली बाई पाण्याच्या टाकीत उतरून गायला लागली.

मी वायरी काढल्या, परत जोडल्या. स्पीकरच्या शौकिनांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. एकाने खोलीचा फोटो मागितला, मी घाईत जुनाच पाठवला. तो म्हणाला, मागे एवढी पोती आहेत, मग घुमेल कसं?

मी मागे वळून बघितलं.

भात आवाज गिळतो, हे तेव्हा कळलं. शोरूमवाल्याने भिंतीला फोम लावायला सांगितलं. नाना म्हणाले, फोम आपल्या रानात पिकत न्हाई.

नवा भात येईपर्यंत नानांनी भिंतीला माणसं लावली. येईल त्याला चहा आणि मागची जागा. शेजारचे तात्या अंगाने भरलेले, त्यांचा कोपरा ठरलेला.

"तात्या, डावीकडं सरका. तुमी हाललात की घुमतंय."

तात्याही पुढे पुढे आपला कोपरा कुणाला देईनात.

पुढच्या चैत्रात व्यापारी आला तेव्हा नाना दारात आडवे उभे राहिले. भात विकायचा न्हाई.

काकींना पावसाआधी गोठ्यावर नवे पत्रे टाकायचे होते. सगळा हिशोब त्या भातावर होता. नानांनी समजावलं की जुना तांदूळ चांगला फुलतो. काकींनी विचारलं, मग शिजवायला काढू का? नानांनी गवळणीचा आवाज वाढवला.

"लोकं पोटासाठी भात ठेवत्यात," काकी आल्या-गेल्याला सांगायच्या. "ह्यांनी कानासाठी ठेवलाय. मला तर पोती असू दे नायतर नसू दे, सारखंच ऐकू येतं."

उंदीर आले. उंदरांसाठी मांजर आलं. अॅम्प्लिफायर गरम लागतो म्हणून मांजर त्याच्यावर झोपायला लागलं. आता मला मांजराचीही काळजी.

हे भांडण मिटायच्या आतच, वैशाखात, नाना गेले.

तेराव्याला माणसं बसवायला जागा हवी, म्हणून पोती तात्यांच्या पडवीत नेली. व्यापारीही भेटायला आला होता. जाताना त्याने हळूच विषय काढला. काकी म्हणाल्या, उद्या टेम्पो आणा.

खोली माणसांनी भरलेली असताना मी नानांची गवळण लावली. आवाज अगदी नीट होता.

संध्याकाळपर्यंत सगळे गेले. सतरंज्या उचलल्या. काकी भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, परत लाव.

मी लावली.

काकींनी थोडा वेळ ऐकलं.

"घुमतंय."

मी उठून आवाज कमी केला.

"तात्यांकडची पोती आण."

"काकी, उद्या टेम्पो येणार आहे."

"त्याला फोन कर. आन् गोठ्यावर ताडपत्री टाक."

तात्यांनी आणि मी पोती परत रचली. काकी खालून सांगत होत्या, कुठलं कुठं होतं ते.

यंदा नवा भात झोडून आला. नवी पोती भिंतीला लागली, तेव्हाच जुनी टेम्पोत चढली. जुन्याला भावही बरा आला. इतकी साधी गोष्ट नानांना आणि मला सुचली नव्हती.

आता गोठ्यावर नवे पत्रे आहेत. मांजर अजून अॅम्प्लिफायरवर आहे. तात्या आपल्या कोपऱ्यात आहेत. हलले की काकी ओरडतात.

नाना, मागची भिंत भरलेली आहे. बाई श्वास घेते तो ऐकू येतो.

तुम्हाला मनापासून नमस्कार.