लाल नसलेले चट्टे

दवाखान्यातल्या पोरांनी डॉक्टरीणबाईंचं नाव खाजबाई ठेवलं होतं, आणि ते असं काही चिकटलं की नवराही फोनवर विचारायचा, "काय खाजबाई, आज जेवायला घरी येताय ना?" बाईंना त्याचा राग नव्हता. लहान मुलांचा इसब हाच त्यांचा उभ्या जन्माचा उद्योग. गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या, काळ्याभोर कातडीवर तो कसकसा दिसतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. पुस्तकांत बघावं तिथे लाल चट्टे. काळ्या कातडीवर मात्र हा लबाड करडा होतो, जांभळट होतो, नाहीतर दडी मारून बसतो. शिकाऊ डॉक्टरांना हे सांगून सांगून बाईंचा घसा बसायचा.

आणि तरी त्या फसल्या.

एक आई पाठोपाठच्या दोन मुलींना घेऊन आली. थोरली आईसारखी गोरीपान, धाकटी बापाच्या रंगावर गेलेली. थोरलीच्या कोपरांच्या लवणीत लालभडक चट्टे. धाकटीही कराकरा खाजवत होती, पण आई म्हणाली, "तिचं सोडा हो! नकलाकार आहे नुसती. ताईनं खाजवलं की हिला खाज सुटते." बाहेर गर्दी होती. बाईंनी ओझरतं बघितलं, लाली दिसली नाही, मान हलवली, आणि मलम थोरलीला दिलं.

महिन्याने तिघी परत आल्या. आई वैतागलेली. "तुम्हीच सांगा हिला. आता मी रात्री हिचे हात बांधून निजवते."

धाकटी खाली मान घालून बसली होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला, कोपराच्या आत बोटं फिरवली, आणि आपली चूक त्यांना कळली. पण नुसतं सांगून ही माउली ऐकायची नाही, हे त्यांनी ओळखलं.

"डोळे मिटा बघू. चोरून बघायचं नाही."

"अगंबाई, आता काय आंधळी कोशिंबीर?"

बाईंनी दोघींचे हात एकेक करून आईच्या बोटांखाली दिले. "यातली जास्त आजारी कोण?"

पहिल्या हातावरून बोटं सरकून गेली. दुसऱ्यावर अडखळली, मागे फिरली, पुन्हा चाचपू लागली. "ही. ही थोरली. केवढी खरखरीत झालीय, आणि तापलीय पण किती!"

"उघडा डोळे."

आईने डोळे उघडले. तिच्या हातात काळा, बारकासा हात होता.

"मीसुद्धा लालीच शोधत बसले," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय बोलू?"

"आज हात बांधायचे नाहीत ना?" धाकटीने विचारलं.

आईने बाईंच्या टेबलावरची मलमाची नळी उचलली, झाकण काढलं आणि तिथेच लावायला बसली. इतक्या हलक्या हाताने, की पोरगी अंग चोरून खिदळली, "आई, गुदगुल्या होतायत!"